तंजावरच्या मुलखातील मराठी घरे

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेल्या प्रवाशाला सुमारे २५ किलोमीटरवर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही येथूनच जातात. दोहों बाजूंना भातखाचरे, केळीच्या बागा आणि नारळीची झाडे. आणि थोडे अंतर चालून जावे तो कावेरीचा कोणता ना कोणता फाटा आडवा येतो. कुडमुरुट्टी, तिरुमलैराजन, अरसलार अशी या फाट्यांची नावे आहेत. गावाला लागून असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवालयाच्या आवारात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत ते बांधले गेले. त्यात ३,००० कलम धान्य मावत असे, असे सांगतात.

कलम म्हणजे काय, हे या मुलखात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. बारा मरक्काल मिळून एक कलम होते. मरक्कालचे माप मात्र गावोगाव थोडे कमीअधिक असे. जमिनीची मोजणी वेलीने होई. वीस मा म्हणजे एक वेली, आणि एक वेली म्हणजे साडेसहा एकरांहून थोडी अधिक जमीन. पायली, मण, बिघे आणि चावर यांच्या हिशेबात वाढलेला मराठी माणूस सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे येऊन राहिला, तेव्हा त्याला सर्वांत आधी जे शिकावे लागले ते हेच असले पाहिजे. देवळे, दरबार, काव्यशास्त्रविनोद या गोष्टी नंतरच्या. किती मापे धान्यात घर वर्षभर चालते, हे कळल्याखेरीज कोणी कोठे वस्ती करू शकत नाही.

ज्या मुलखात तो आला तो परक्यांना नवखा नव्हता. पापनाशम तालुक्यातच मेलट्टूर हे गाव आहे. नायक राजांपैकी अच्युतप्पा नायकाने तेथे तेलुगू भाषक ब्राह्मण कुटुंबांना घरे आणि जमिनी देऊन वसविले. परंपरेनुसार ही कुटुंबे ५१० होती. त्यांच्या वंशजांनी जोपासलेली भागवतमेळा नाटके नरसिंहजयंतीच्या सुमारास अजूनही तेलुगू भाषेत होतात, आणि ती पाहणारे प्रेक्षक बहुसंख्येने तमिळ असतात. याच तालुक्यातील अय्यमपेट्टै येथे सौराष्ट्र विणकरांची वस्ती आहे. त्यांची घरची भाषा गुजरातीच्या कुळातली, पण शेकडो वर्षे दक्षिणेत राहिल्याने तेलुगू-तमिळचे पुष्कळ संस्कार झालेली. तात्पर्य, कावेरीच्या पाण्याने या भूमीवर जेवढा गाळ आणून टाकला, तेवढीच निरनिराळ्या मुलखांतली माणसेही येथे थरावर थर येऊन बसली. मराठी थर हा त्यांपैकी एक; पण तो राजाबरोबर आला, आणि त्यामुळे त्याची कथा काहीशी वेगळी झाली.

राजा आणि त्याच्या मागून आलेली माणसे

शहाजीराजे भोसले यांचे पुत्र व शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार होते. मदुरेच्या नायकाने गिळंकृत केलेले तंजावर सोडविण्यासाठी विजापूरने त्यांना धाडले. त्यांनी ते सोडविले आणि १६७५-७६ च्या सुमारास स्वतःच तेथे राज्य स्थापन केले. पुढील वर्षी दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीच्या काठी येऊन ठेपले आणि दोघा भावांची भेट झाली. ती फारशी सुखाची ठरली नाही. पण तो इतिहास येथे अप्रस्तुत होय.

प्रस्तुत आहे तो राजाच्या मागून आलेला समाज. त्यात घोडेस्वार व शिलेदार होते. मोडी लिहिणारे कारकून, पोतनीस आणि चिटणीस होते. जोशी, पुराणिक आणि वैदिक होते. आणि समर्थ संप्रदायाचे गोसावीही होते. तंजावर व मन्नारगुडी येथे या संप्रदायाचे मठ झाले. जे आले त्यांतील बहुतेकांच्या मनात परत जाण्याचा विचार प्रारंभी असणारच. तथापि नोकरीच्या मोबदल्यात जमीन मिळाली, जमिनीवर पीक आले, मुलाची मुंज येथेच झाली, म्हाताऱ्यांचे दहनही कावेरीकाठीच झाले, आणि गावाकडची वाट हळूहळू केवळ बोलण्यातच उरली. स्थलांतराचा निश्चित दिवस क्वचितच सांगता येतो. माणूस येतो त्या दिवशी तो प्रवासी असतो. वस्तीकर केव्हा झाला, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

एकोजींचे पुत्र शहाजी हे १६८४ ते १७१२ पर्यंत गादीवर होते. १६९३ मध्ये त्यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविशैनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् ठेवले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ज्यांना हे दान मिळाले ते सारे मराठी नव्हते. नव्या राजाने येऊन आपल्याच माणसांची पंगत मांडली असती, तर शेजाऱ्यांनी ती फार दिवस सोसली नसती. शहाजींच्या दरबारात तेलुगू ही काव्याची भाषा म्हणून नायकांच्या काळाप्रमाणेच मानाने राहिली. स्वतः राजाने तेलुगूत रचना केली आणि मराठीतही नाटके लिहिली. सांगलीला विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ १८४३ मध्ये झाले, त्याच्या सुमारे दीड शतक आधीची ही मराठी नाटके होत. ‘पंचभाषाविलास’ नावाच्या त्यांच्या नाटकात निरनिराळी पात्रे तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदुस्तानी व संस्कृत या पाच भाषांत बोलतात. हे केवळ पांडित्याचे प्रदर्शन मानण्याचे कारण नाही. तंजावरच्या बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला सकाळच्या एका प्रहरात यांतल्या चार भाषा तरी ऐकू येतच असत.

उलटा पावसाळा

दख्खनच्या पठारावरून आलेल्या माणसाला येथे सर्वांत चमत्कारिक वाटला असेल तो ऋतूंचा क्रम. देशावर मृगापासून पाऊस सुरू होतो आणि दसऱ्याच्या आसपास तो सरतो. कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात आषाढात आकाश कोरडे असते, आणि तरीही नदी भरून वाहते. कारण ते पाणी शेकडो मैल दूर कुर्गच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे असते. प्रत्यक्ष पाऊस येथे येतो तो ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर, दिवाळीच्या आगेमागे आणि त्यानंतर. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहावे म्हणून ज्या चातुर्मासाची योजना झाली, तो येथे निम्म्याहून अधिक कोरडा जाई, आणि चातुर्मास संपून गोसाव्याने झोळी उचलावी तेव्हा पाऊस कोसळू लागे. पंचांग मात्र बदलले नाही. व्रते त्याच तिथींना झाली, शेते मात्र नदीच्या पाण्यावर झाली. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, नदीला नवे पाणी आल्याचा ‘आडिप्पेरुक्कु’ हा सण सारा मुलूख काठावर जाऊन भाताचे निरनिराळे प्रकार खाऊन साजरा करतो. गुढीपाडव्याच्या जोडीला हाही दिवस मराठी घरांच्या वर्षात येऊन बसला. नव्या वर्षाचे दिवसही दोन झाले: चांद्रमानाचा पाडवा, जो शेजारच्या तेलुगू घरांतही होता, आणि सौरमानाचा चैत्र, जो तमिळ लोकांचा.

अन्नाचा प्रश्न याहून कठीण होता. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर पोसलेल्या माणसाला येथे तिन्ही त्रिकाळ भात होता. करडईच्या तेलाऐवजी तिळाचे तेल, पळसाच्या पत्रावळीऐवजी केळीचे पान, आणि सगळ्यांत चिंच. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी राजवाड्यात जन्मला, आमसुले संपली म्हणून आचाऱ्याने वरणात चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजी राजांच्या नावावरून त्याला नाव मिळाले, अशी एक कथा फार लोकप्रिय आहे. ती रंजक असली तरी तिला समकालीन आधार नाही, आणि चिंच महाराष्ट्रात कोणाला अपरिचित होती असेही नाही. वाचकाने ती कथा म्हणूनच ऐकावी. मात्र खोटी कथाही कधी कधी खऱ्या अडचणीची आठवण ठेवते. जे गावी हाताशी होते ते येथे नाही, आणि स्वयंपाक तर आजच करायचा आहे, ही अडचण प्रत्येक नव्या वस्तीकराच्या घरात पहिल्या दिवसापासून उभी असते.

या बाबतीत कथेपेक्षा शब्द अधिक विश्वसनीय आहेत. तंजावरकडील तमिळ घरांत वांग्याचा एक दाट रस्सा होतो, त्याला ‘रसवांगी’ म्हणतात. तमिळमध्ये वांग्याला कत्तिरिक्काय म्हणतात. ‘वांगी’ हा शब्द तमिळ नव्हे. ‘पिट्लै’ हा दुसरा पदार्थ. त्याचे नाव पिठल्यावरून आले असे मानतात. पण पिठल्याची ओळख ठेवून पिट्लैपुढे बसणारा मराठी पाहुणा गोंधळून जाईल. बेसनाचे पिठले कोठेच नाही. तेथे कारली किंवा वांगी आहेत, डाळ आहे, चिंच आहे आणि भाजून वाटलेले खोबरे-धणे आहेत. नाव राहिले आणि पदार्थ बदलला. पुरणपोळी तमिळ मिठाईच्या दुकानात ‘पोळि’ या नावाने विकली जाते. पाणी तापविण्याचे गंगाळ तमिळमध्ये ‘गंगाळम्’ झाले. कोशिंबिरीची बहीण शोभेल अशी ‘कोसुमल्लि’ रामनवमीला पन्ह्याबरोबर वाटतात. हे शब्द कोणा राजाच्या हुकमाने तमिळमध्ये शिरले नाहीत. एका परसातून दुसऱ्या परसात वाटी गेली, आणि रिकामी परत देऊ नये म्हणून शेजारणीने तिच्यात काहीतरी घालून ती परत पाठविली, या व्यवहारातूनच ते शिरले असले पाहिजेत. शेजाऱ्याने दिलेले पदार्थ तर मराठी घरांनी इतके आपले केले, की कोणता कोणाचा हे सांगणे आज जवळपास अशक्य आहे.

ओटा, नाव आणि दफ्तर

घराची रचना पाहता नव्या माणसाला फार परकेपणा वाटू नये. तंजावरच्या मुलखातील जुन्या घरापुढे रस्त्याला लागून ‘तिण्णै’ नावाचा उंच ओटा असतो. आत मधोमध उघडा चौक. मागे विहीर, परसू आणि बहुधा पाण्याचा पाट. वाड्यात वाढलेल्याला ओसरी आणि चौक ओळखीचेच. फरक होता तो ओट्याच्या वापरात. वाड्याला दिंडीदरवाजा असतो आणि दार लावले की घर आपल्यापुरते होते. तिण्णै ही रस्त्याची असते. वाटसरू तिच्यावर विसावतो, दुपारी शेजारी येऊन बसतो, मुले तिच्यावर धडे घोकतात. या ओट्यावरच नवागताची मुले तमिळ शिकली. ती एका पिढीत शिकली असतील. आईबाप मात्र जन्मभर व्याकरण चुकवीत राहिले असतील, जसे सर्वत्र राहतात.

ज्यांना अजून घर नव्हते त्यांच्यासाठी छत्रे होती. तंजावर ते रामेश्वर या यात्रामार्गावर मराठा राजांनी, विशेषतः राण्यांच्या नावांनी, ही अन्नछत्रे बांधली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांतील प्रसिद्ध. तेथे वाटसरूला जेवण मिळे, आजारी पडल्यास औषधपाणी होई, आणि काही छत्रांना शाळाही जोडलेल्या होत्या. सरफोजी दुसरे यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास लिहून, या छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नये अशी विनंती केली होती. राज्यकारभार हातातून जात असताना ज्या थोड्या गोष्टींसाठी त्यांनी आग्रह धरला त्यांत ही एक होती, यावरून त्यांचे महत्त्व कळते.

नावांची कथा आणखी निराळी. तमिळ रीतीत आडनाव नसते. व्यक्तीच्या नावाआधी गावाचे व वडिलांचे आद्याक्षर येते. पुष्कळ मराठी ब्राह्मण घरांची कुलकर्णी-देशपांडे ही नावे या रीतीत विरघळली आणि नावापुढे केवळ ‘राव’ उरले. शेजारी त्यांना ‘रायर’ किंवा ‘राव्जी’ म्हणू लागले. दिवाण म्हणून हिंदुस्थानभर गाजलेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे. त्यांच्या नावातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे आहे. महाराष्ट्रात एखाद्याचे गाव त्याच्या आडनावात बसते, पुणेकर, सातारकर असे. तमिळ मुलखात ते नावाच्या आधी एका अक्षरात जाऊन बसले.

कचेरीची भाषा मराठी आणि लिपी मोडी होती. राज्याचे पट्टुक्कोट्टै, मन्नारगुडी, कुंभकोणम, मायावरम आणि तिरुवडी असे पाच सुभे होते. गावचा हिशेब तमिळमध्ये, सुभ्याचे दफ्तर मराठीत. मधल्या कारकुनाने कानांनी तमिळ ऐकावे आणि हातांनी मोडी लिहावी, असा हा व्यवहार होता. ही दुभाषी बैठक हेच या लोकांचे खरे भांडवल ठरले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मोडी कागदांची शेकडो दफ्तरे आहेत, आणि त्यांत कोणाला काय पगार दिला, कोणत्या उत्सवाला किती तेल लागले, पाहुण्यांना काय वाढले, अशा तपशिलांची रेलचेल आहे. बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख पाहण्यास प्रवासी येतात, आणि तो आहेही भव्य. परंतु नव्या मुलखात माणसे कशी राहिली हे जाणावयाचे असेल, तर भिंतीपेक्षा ही दफ्तरेच अधिक सांगतात. मोडी वाचू शकणारे फार थोडे उरले आहेत, ही त्यातील अडचण.

राज्य गेल्यानंतर

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि त्याचा परिसर एवढाच राहिला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून वारले आणि राज्य खालसा झाले. एका दिवसात मराठी ही राजभाषा उरली नाही. राजवाड्याच्या आश्रयावर जगणारी घरे, मग ती वैद्यांची असोत, गवयांची असोत की कारकुनांची, उघडी पडली.

या प्रसंगी मराठी वस्ती मोडून पडेल अशी अपेक्षा कोणी केली असती, तर ते साहजिक होते. ती मोडली नाही. भाषा दरबारातून घरात परतली आणि तेथे तिला धोका नव्हता. कारण गल्लीत दहा घरे मराठी होती, सोयरिकी त्याच मुलखात होत होत्या, आणि सासरी आलेल्या मुलीला सासूशी त्याच भाषेत बोलायचे होते. १८५४ मध्ये कुंभकोणमला सरकारी विद्यालय निघाले, त्याचेच पुढे प्रख्यात महाविद्यालय झाले. कारकुनांच्या मुलांनी मोडीच्या जागी इंग्रजी लेखणी धरली. माधवरावांचे शिक्षण त्याआधीच मद्रासला झाले होते. १८५७ मध्ये ते त्रावणकोरचे दिवाण झाले, नंतर इंदूरला गेले, आणि १८७५ मध्ये बडोद्यास आले. कावेरीकाठच्या मराठी घरात जन्मलेला माणूस दोनशे वर्षांच्या अंतराने पुन्हा एका मराठी दरबारात कारभारी म्हणून आला, हा योग लक्षणीय होता. त्यांचे चुलतबंधू आर. रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण झाले.

पण हे मोठ्या माणसांचे झाले. सामान्य घरांच्या बाबतीत बदल घडविला तो आगगाडीने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावर, पापनाशम, कुंभकोणम हा पट्टा लोहमार्गाने मद्रासशी जोडला गेला. ज्यांना शेतीचे उत्पन्न पुरत नव्हते, किंवा ज्यांच्या मुलाला कचेरीत जागा मिळाली होती, ते निघाले. मद्रासला त्यांची संख्या इतकी झाली की १९१२ मध्ये तेथे मराठी विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ ही संस्था स्थापन झाली. तंजावरास येताना राजा बरोबर होता; मद्रासला जाताना हातात दाखला आणि एखाद्या नातलगाचा पत्ता होता.

याच गाडीने तमिळ शेजारीही निघाले होते, आणि त्यांतील अनेक मुंबईस पोचले. मराठी वाचकाला माटुंगा हे नाव पुरेसे आहे. तेथे १९२३ मध्ये आस्तिक समाज आणि १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. भजन, शाळा, फुलांचे गजरे, केळीच्या पानावरचे जेवण या साऱ्यांची सोय त्यांनी एका वस्तीत केली. पापनाशमजवळच्या राजगिरी व पंडारवडै या गावांतील मुसलमान कुटुंबांनी तर समुद्र ओलांडला आणि मलाया, सिंगापूर, पुढे आखाती देश येथे घरे केली. बाहेर जाणे ही या मुलखाची जुनीच सवय होय. माटुंग्याचे तमिळ आणि मद्रासचे तंजावरी मराठी यांच्यातला फरक मात्र मोठा होता. माटुंग्यातला तमिळ माणूस सुट्टीत गावी गेला की त्याची भाषा जेथे सर्वांची आहे अशा मुलखात पोचे. मद्रासचा मराठी माणूस सुट्टीत तंजावरला गेला, तर तेथेही ती दहा घरांचीच होती. आणि ती घरेही एकेक करून रिकामी होत होती.

जे दरबार बुडाल्याने झाले नाही, ते शहरातल्या भाड्याच्या जागेने केले. मद्रासच्या घरात शेजार तमिळ, शाळा तमिळ किंवा इंग्रजी, आणि आजी गावीच राहिलेली. मुलाने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस घरात एकच, तेही दिवसभर कचेरीत. त्यातच देवनागरी वाचण्याचा सराव आधीच सुटलेला होता. पुष्कळ घरांत मराठी ही बोलण्याची भाषा आणि तमिळ ही लिहिण्याची लिपी, अशी वाटणी झाली होती. महाराष्ट्रात चालू असलेल्या वृत्तपत्रांशी, कादंबऱ्यांशी, नाटकांशी या बोलीचा संबंध कधी जुळलाच नाही. तिच्यात काही जुनी रूपे टिकून आहेत आणि तमिळ वाक्यरचनेची छाया पडली आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ती ऐकून हसू येते, आणि हसू आले की बोलणारा गप्प होतो. अशा प्रसंगी दोष त्या पाहुण्याचा, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तीन शतके घरात सांभाळलेली भाषा अशुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणाला कसा पोचतो?

तंजावर, कुंभकोणम, चेन्नई आणि बंगळूर येथील काही घरांत ती अजूनही बोलली जाते. राजवंशाचे वारस तंजावरच्या वाड्यात राहतात, आणि शहरातल्या एका रस्त्याला मानोजीअप्पांचे नाव आहे. पण नव्या संसारात आईबाप एकमेकांशी ती बोलतात आणि मुलांशी तमिळ किंवा इंग्रजी, हे चित्र आता सर्रास दिसते.

ज्या गोष्टी शेजाऱ्याला दिल्या गेल्या त्यांचे मात्र असे झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्र मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनांनी तमिळ श्रोत्यांना वेड लावले. तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथा उभी केली. तिच्यात ओवी, साकी, दिंडी आणि अभंग यांच्या चाली आल्या आणि राहिल्या. तमिळ भजनपरंपरेत अभंग आज नित्याचा आहे. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे देऊळ उभे राहिले आणि २०११ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. तेथे तुकोबांचे अभंग गाणारे बहुतेक जण घरी तमिळ बोलतात.

त्यांची अभंगांची पुस्तके तमिळ लिपीत असतात. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे, तसेच ट-वर्गातल्या चारांना. म्हणून छापणारे त्या अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घालतात: आकडा नसेल तर ट, दोनचा आकडा असेल तर ठ, तीनचा असेल तर ड, चारचा असेल तर ढ. विठ्ठलाचे नाव म्हणताना गाणाऱ्याने त्या दोनच्या आकड्याकडे पाहून ठ चा उच्चार करावयाचा असतो. काही भजनी मंडळींत एखादी मराठी घरची वृद्धा बसलेली असते. तिला पुस्तक लागत नाही; पण तिच्या शेजारी बसलेली नात मात्र आकडे पाहूनच गात असते.